घरमालकाचं कर्ज थकलं, दारावर बँकेची नोटीस. भाडेकरूनं आता काय करायचं? (बेळगाव)

शहापूरकर

नमस्कार. शहापुरात तळमजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, जून २०२१ पासून भाड्यानं. भाडं ९,००० रुपये, दरमहा मालकाच्या खात्यावर यूपीआयनं. डिपॉझिट एक लाख. अकरा-अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट ई-स्टँपवर व्हायचं. शेवटचं डिसेंबरात संपलं, पुढचं राहून गेलं. भाडं मात्र चालू आहे आणि मालक घेतोय.

गेल्या आठवड्यात गेटवर बँकेची इंग्रजी नोटीस चिकटवली. त्यात फेब्रुवारीतल्या मागणी नोटिशीचा उल्लेख आहे आणि 'सिम्बॉलिक पझेशन' घेतलं असं लिहिलंय. वरच्या मजल्यावरचं कुटुंब लीजवर आहे, सहा लाख एकरकमी, भाडं नाही. मालक म्हणतो, "मागच्या तारखेचं पाच वर्षांचं ॲग्रीमेंट करून देतो, मग बँक तुम्हाला हात लावू शकत नाही."

घर कधी सोडावं लागेल? भाडं कुणाला द्यायचं? डिपॉझिटचं काय? आणि कोल्हापूरचे पाहुणे म्हणतात, रेंट ॲक्टखाली भाडेकरूला काढताच येत नाही. खरं आहे का?

---

खडेबाजार

घाबरू नका. बेळगाव कोर्टात दावा टाका आणि स्टे आणा. भाडेकरूला असं रस्त्यावर काढता येत नाही.

---

अनगोळ_वकिली

वरचा सल्ला ऐकू नका. बँकेला कोर्टात न जाता तारण मिळकतीवरून वसुली करू देणारा कायदा म्हणजे सरफेसी. त्याचं कलम ३४ दिवाणी कोर्टाला या विषयात हात घालू देत नाही. दावा टाकला तर बँकेचा वकील पहिल्याच तारखेला हेच कलम दाखवणार. तोवर खरी मुदत निघून गेलेली असते, आणि नुकसान त्यातच होतं.

आधी नोटीस नीट वाचा. मोबाईलवर तारखेसकट फोटो काढा आणि त्यातून पाच गोष्टी उतरवून घ्या: कलम १३(२) च्या मागणी नोटिशीची तारीख, थकीत रक्कम, ताबा घेतल्याची तारीख, सही करणाऱ्या अधिकृत अधिकाऱ्याचं पद आणि शाखा, आणि मिळकतीचं वर्णन. सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर किंवा आर. एस. (रेव्हेन्यू सर्व्हे) नंबर आणि चतुःसीमा तुमच्याच इमारतीच्या आहेत का, हे घरपट्टीच्या उताऱ्याशी ताडून बघा. एका आवारात दोन भावांची दोन घरं आणि तारण फक्त एक, असं शहापूर-वडगावकडे पुष्कळदा असतं.

आता क्रम. कर्ज एनपीए, म्हणजे बुडीत खात्यात, गेलं की बँक मालकाला १३(२) ची नोटीस देते, ६० दिवसांची. ती भाडेकरूला येत नाही, म्हणून तुम्हाला पत्ता नव्हता. साठ दिवसांत पैसे भरले नाहीत तर १३(४) खाली ताबा. गेटवर लागलेली नोटीस ही. ती सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. आपल्याकडे ते बहुतेक कन्नड असतं, त्यामुळे मराठी पेपर वाचणाऱ्या घरात बातमी दारावरूनच कळते.

सिम्बॉलिक म्हणजे कागदोपत्री ताबा. तुम्ही आत आहात ते आतच. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे डीसी ऑफिसला, नाहीतर मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. जिल्हाधिकाऱ्यांनी ३० दिवसांत आदेश द्यायचा असतो, कारणं नोंदवून तो ६० पर्यंत लांबतो. त्यानंतर तहसीलदार किंवा कोर्टानं नेमलेला वकील-कमिशनर पोलीस घेऊन येतो. घर हातचं जातं ते त्या दिवशी. नोटीस लागली त्या दिवशी नाही.

रेंट ॲक्टचं. पाहुणे सांगतात तो महाराष्ट्राचा कायदा, तो हद्दीवरच्या शिनोळीच्या अलीकडे, म्हणजे कर्नाटकात, चालत नाही. इथं कर्नाटक रेंट ॲक्ट, १९९९. त्यात मोठ्या शहरांत दरमहा ३,५०० रुपयांच्या वरचं आणि इतर ठिकाणी २,००० च्या वरचं निवासी घर येतच नाही. तुमचं ९,००० आहे, म्हणजे विषय संपला. बाजारातलं १४ चौरस मीटरपर्यंतचं जुनं दुकान असेल तर त्या कायद्याचा आधार मिळू शकतो, तो वेगळा मुद्दा. तुम्हाला लागू होतो मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२.

भाडेकरूसाठी खरं दार एकच. १ सप्टेंबर २०१६ पासून सरफेसीत कलम १७(४ए) आलं. भाडेकरू स्वतः डीआरटीकडे, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. बेळगावचं काम बेंगळुरूच्या डीआरटीत चालतं. मुदत ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवस, आणि हे दिवस नोटिशीच्या तारखेपासून मोजायला लागा, तुम्ही ती वाचली त्या दिवसापासून नको. न्यायाधिकरण चार गोष्टी बघतं: भाडेपट्टा संपलाय का, तो मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६५ए च्या विरुद्ध आहे का, गहाणाच्या अटींविरुद्ध आहे का, आणि १३(२) च्या नोटिशीनंतर बँकेच्या संमतीशिवाय केलाय का. चारपैकी एका जरी प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तरी भाडेकरूचं घोडं पेंड खातं.

---

कागदवाली

मागच्या तारखेच्या ॲग्रीमेंटबद्दल: चुकूनही करू नका. ई-स्टँपला नंबर असतो, तारीख आणि वेळ असते, आणि तो कुणालाही ऑनलाइन पडताळता येतो. जुना कोरा स्टँप आणून नोटरी केली तरी नोटरीच्या रजिस्टरात अनुक्रम असतो. असा कागद न्यायाधिकरणापुढे गेला की तुमचे २०२१ पासूनचे खरे कागदसुद्धा संशयात येतात. वर खोटं शपथपत्र तुमच्या सहीचं, मालकाच्या नाही. थकलेले मालक भाडेकरूला ढाल करतात ते हे असं. शिवाय पाच वर्षांचा भाडेपट्टा नोंदणीशिवाय ग्राह्यच नाही. एका वर्षापुढचा कुठलाही पट्टा सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा बजरंग श्यामसुंदर अग्रवाल विरुद्ध सेंट्रल बँक हा निकाल वकिलाला विचारा. त्याचा अर्थ थोडक्यात असा, की तोंडी किंवा नोंदणी नसलेल्या पट्ट्यावर फार तर एका वर्षाचं संरक्षण, आणि तेही भाडेकरू खरा असल्याचा पुरावा दिला तर.

म्हणून पुरावा गोळा करा, आजच. वजनाच्या क्रमानं सांगते:

बँक स्टेटमेंट, जून २०२१ पासून प्रत्येक महिन्याचं, भाड्याच्या ओळीवर खूण करून. यूपीआयचा स्क्रीनशॉट नको, बँकेच्या शिक्क्याचं किंवा डिजिटल सहीचं स्टेटमेंट. मालकाचं नाव त्यात दिसायला हवं.

सगळी जुनी ई-स्टँप ॲग्रीमेंट, मूळ प्रती.

गृहज्योतीची, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेची, नोंद. हे लोकांच्या लक्षात येत नाही. २०२३ मध्ये योजना आली तेव्हा भाडेकरूंनी घराच्या मीटरला आपला आधार जोडला. त्याची सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवरची पोचपावती हा सरकारी यंत्रणेतला तारखेचा पुरावा आहे, आणि तो कुणाला मागच्या तारखेनं बनवता येत नाही. सोबत हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, बिलं.

मग गॅस कनेक्शन, मुलांच्या शाळेतला पत्ता, आधारवरचा पत्ता कधी बदलला त्याची नोंद.

यातल्या मराठी आणि कन्नड कागदांचं इंग्रजी भाषांतर आत्ताच करून ठेवा. बेंगळुरूच्या वकिलाला ऐनवेळी मराठीतल्या भाडेपावत्या पाठवल्या तर त्याचाही वेळ जातो आणि तुमचाही.

शिवाय दोन शोध. नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून मिळकतीची ईसी, म्हणजे बोजांचा दाखला, काढा, २०१५ पासूनची. बँकेनं कागद ठेवून घेतल्याचा मेमोरँडम नोंदवला असेल तर तारखेसकट दिसेल. तिथं काही नसलं तर सेरसायच्या, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदवहीच्या, साईटवर मिळकतीवरून शोध घ्या. फी १० रुपये अधिक जीएसटी. गहाण कधी झालं ते कळल्याशिवाय पुढचं काहीच ठरवता येत नाही.

---

शहापूरकर

आभार. ईसी काढली. गहाणाची नोंद ऑगस्ट २०१९ ची आहे, म्हणजे मी राहायला यायच्या आधीची. मग माझं काहीच नाही का? आणि १३(२) च्या आधीपासूनचा भाडेकरू असल्याचा काही उपयोग?

---

अनगोळ_वकिली

उपयोग आहे, पण किती ते स्पष्ट सांगतो.

गहाणाच्या आधीचा भाडेकरू असता तर बँकेला ती मिळकत तुमच्यासकट घ्यावी लागली असती. तुम्ही नंतरचे. गहाणानंतरही मालकाला घर भाड्यानं देता येतं, कलम ६५ए ती मुभा देतं, पण अटींवर: इमारतीचा पट्टा तीन वर्षांच्या वर नको, बाजाराप्रमाणे रास्त भाडं हवं, भाडं आगाऊ घ्यायचं नाही, पागडी नाही, आपोआप नूतनीकरणाची अट नाही. तुमचा अकरा महिन्यांचा, महिन्याच्या भाड्याचा करार यात बसतो. अडचण पुढं आहे. बहुतेक बँकांच्या गहाणखतात 'बँकेच्या लेखी संमतीशिवाय भाड्यानं देणार नाही' असं कलम असतं, आणि तसं असेल तर ६५ए ची मुभा तिथंच संपते. ते गहाणखत तुम्हाला मालक दाखवणार नाही. डीआरटीत अर्ज केल्यावर बँकेला दाखल करावं लागतं.

डिसेंबरात करार संपूनही मालक भाडं घेत राहिला, त्यामुळे तुम्ही महिन्यागणिक भाडेकरू ठरता. घुसखोर नाही. पण महिन्यागणिक भाडेपट्टा १५ दिवसांच्या नोटिशीवर संपवता येतो. म्हणजे डीआरटीत जिंकून तिथंच पाच वर्षं राहाल, अशी केस ही नाही. ही वेळ मिळवायची केस आहे. शाळेचं वर्ष, दुसरं घर, डिपॉझिटची तजवीज, एवढ्यासाठी लागणारी वेळ.

तेव्हा माझ्या मते आधी डीआरटी नको, आधी पत्र. अधिकृत अधिकाऱ्याच्या नावे, स्पीड पोस्टनं रजिस्ट्रेशन आणि पोचपावतीसह, इंग्रजीत, एका पानाचं: अमुक तारखेपासून भाडेकरू आहे, भाडं इतकं, पुराव्याच्या प्रती जोडल्यात, ताबा शांततेनं द्यायची तयारी आहे, अमुक तारखेपर्यंत मुदत द्या. एक प्रत डीसी ऑफिसच्या आवक विभागात देऊन शिक्का घ्या. बँकेनं कलम १४ चा अर्ज केला असेल तर त्या फाईलला ती लागते. बँकेलाही पोलीस बंदोबस्त, कमिशनरची फी, तारखा हे सगळं टाळायचं असतं. हमीपत्र घेऊन साठ दिवस द्यायला अधिकारी बरेचदा तयार होतात. मात्र हमीपत्रात तारीख लिहिली की ती पाळावीच लागते. मोडलीत तर पुढं डीआरटीत तोच कागद तुमच्याविरुद्ध उभा राहतो.

पत्राला ४५ व्या दिवसाच्या दोन आठवडे आधीपर्यंत लेखी उत्तर आलं नाही, तर मात्र १७(४ए) चा अर्ज टाकाच. तोंडी 'बघू की' वर थांबू नका. धारवाड खंडपीठात रिट टाकायचं कुणी सुचवेल. उच्च न्यायालय अशा बाबतीत बहुधा डीआरटीकडेच पाठवतं.

फी झेपत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकाराकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. अर्जदार महिला असेल तर मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. ॲग्रीमेंट घरातल्या बाईंच्या नावावर असेल तर हे लक्षात ठेवा.

---

निपाणीकर

एक गोष्ट कुणी विचारली नाही. नोटीस बँकेचीच आहे ना? आपल्या भागात घरकर्जं सोसायट्या, सौहार्द (कर्नाटकातल्या एका वेगळ्या कायद्याखालच्या सहकारी संस्था) आणि मल्टिस्टेट पतसंस्थांचीही बरीच असतात. त्यांना सरफेसी वापरता येत नाही. सहकारी बँकेला येतो. मुरगूडच्या सहकारी बँकेच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी २०२० मध्ये तो प्रश्न मिटवला. फायनान्स कंपनी असेल तर गृहवित्त कंपनी आहे की साधी एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी) ते बघा. साध्या एनबीएफसीला २० लाखांच्या खालच्या कर्जाला सरफेसी नाही.

सोसायटी असेल तर तिला आधी निवाडा मिळवावा लागतो, मग वसुली. मल्टिस्टेटचं लवादाकडून, मल्टिस्टेट सहकारी संस्था कायद्याच्या कलम ८४ खाली. त्या निवाड्याची बजावणी दिवाणी कोर्टातून झाली तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर २१ लागतो आणि त्यात भाडेकरूची बाजू बरीच बरी असते. नियम ९६ प्रमाणे, हक्कानं राहणारा भाडेकरू आत असेल तर लिलावात घेणाऱ्याला ताबा मिळतो तो विक्री प्रमाणपत्राची प्रत मिळकतीवर चिकटवून. भाडेकरूचं सामान बाहेर काढून नाही. फक्त जप्तीनंतर केलेला करार तिथंही चालत नाही. सोसायटीचा वसुली अधिकारी 'सरफेसी' म्हणून दम देत असेल तर त्याच्याकडे कुठल्या कायद्याचं कुठलं कलम, ते लेखी मागा.

---

कागदवाली

वरच्या मजल्याच्या कुटुंबाला हे वाचायला द्या, त्यांची बाजू तुमच्यापेक्षा लंगडी आहे. सहा लाख एकरकमी आणि भाडं शून्य, ही लीजची पद्धत आपल्याकडे सगळीकडे चालते, पण ६५ए मध्ये ती बसवणं अवघड. रास्त भाडं कुठं आहे? एकरकमी रक्कम ही पागडी किंवा आगाऊ भाडं, असंच बँक म्हणणार. त्यात वर्षापुढची मुदत आणि नुसती नोटरी असेल तर नोंदणीचा दोषही येतो. आणि त्यांचे अडकलेत सहा लाख.

डिपॉझिट बँकेकडून मिळत नाही, लिलावात घेणाऱ्याकडूनही नाही. ते मालकाचं देणं. लिलावाचे पैसे आधी बँकेचं मुद्दल, व्याज, खर्च यांत जातात. उरले तर कलम १३(७) प्रमाणे ते ज्याचा हक्क असेल त्याला मिळतात, म्हणजे बहुतेक मालकालाच. म्हणून थकीत रक्कम आणि घराची किंमत यांत अंतर असेल तर तिथंच पकड घालायची. मालकावर वकिलाची नोटीस, मग डिपॉझिटच्या वसुलीचा दावा, आणि त्याच दाव्यात निकालाआधी जप्तीचा अर्ज, बँकेकडे उरणाऱ्या रकमेवर. हा दावा दिवाणी कोर्टात चालतो, कलम ३४ त्याला आड येत नाही. रक्कम लेखी करारात असेल तर ऑर्डर ३७ चा समरी, म्हणजे झटपट चालणारा, दावा होतो का, ते वकिलाला विचारा. मुदत तीन वर्षांची, पण तीन वर्षं थांबलात तर उरलेली रक्कम कधीच गेलेली असेल.

मालक आज भेटत असेल तर 'इतकं डिपॉझिट माझ्याकडे जमा आहे' एवढं त्याच्या सहीनं घ्या. मागच्या तारखेचं नको, आजच्या तारखेचं.

---

शहापूरकर

मालक म्हणतोय, डिपॉझिट फेडायला भाडं देऊ नका, वळतं करा. असं चालेल का?

---

अनगोळ_वकिली

तोंडी नको. त्यानं लेखी दिलं, की 'अमुक महिन्यापासून भाडं डिपॉझिटमधून वळतं करावं', तर मालक आणि तुमच्यापुरतं चालेल. पण बँकेनं १३(४)(डी) ची लेखी नोटीस दिली, की यापुढचं भाडं आमच्याकडे भरा, तर त्या दिवसापासून ते बँकेकडेच. बँकेला दिलेल्या भाड्याची पावती ही मालकाला दिल्यासारखीच धरली जाते, तो परत मागू शकत नाही. तशी नोटीस येईपर्यंत मालकाच्या खात्यावर, नेहमीसारखं. मध्येच भाडं बंद केलं तर 'खरा भाडेकरू' हा तुमचा मुद्दाच पातळ होतो, हे डिपॉझिटच्या हिशेबात धरा. एक लाखातले नऊ-अठरा हजार वळते करून घेण्याच्या नादात बँकेकडून मिळणारे साठ दिवस घालवू नका.

मालकाला 'लिलाव झाला तरी नंतर सोडवून घेईन' वगैरे सांगायची सवय असते. पूर्ण रक्कम भरून मिळकत सोडवायचा हक्क २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहिरात निघेपर्यंतच असतो. त्यामुळे जाहिरातीवर तुम्हीही लक्ष ठेवा. पहिल्या लिलावाआधी ३० दिवसांची नोटीस लागते. सरकारी बँक असेल तर 'बँकनेट' पोर्टलवर बेळगाव जिल्हा टाकून बघा, मिळकतीपुढं ताबा सिम्बॉलिक की प्रत्यक्ष तेही लिहिलेलं असतं. सिम्बॉलिक ताब्यावरही लिलाव होतो. तसं घेणारा तुमच्याशी बोलायला येतो, कारण त्याला घर रिकामं हवं असतं. तेव्हा सामान हलवायचा खर्च आणि महिनाभराची मुदत मागायला हरकत नाही. मिळतंच असं नाही.

---

खानापूर_रोड

ताब्याच्या दिवसाचं सांगतो, कारण गोंधळ तिथं होतो.

आलेल्या अधिकाऱ्याकडे आदेशाची प्रत मागा आणि त्यावरचा घरनंबर बघा. आदेश कन्नडमध्ये असेल तर वाचता येणारं माणूस सोबत असू द्या. आदेश खरा असेल तर दार अडवू नका. तिथं वाद घालून फक्त सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा पदरात पडतो. डीआरटीचा स्टे असेल तर मात्र त्याची प्रमाणित प्रत हातात ठेवा. 'वकिलाचा फोन येईल' यावर कुणी थांबत नाही.

तुमचं सामान बँकेकडे तारण नाही. ते आत अडकलं तर पंचनाम्यात एकेक वस्तू लिहायला लावा: फ्रिजची कंपनी, गोदरेजच्या कपाटांची संख्या, शिलाई मशीन, सगळं. 'घरगुती सामान' अशी एका ओळीची नोंद असेल तर 'यादी अपूर्ण' असा शेरा मारूनच सही करा. व्हिडिओ काढा. दागिने, शाळेचे दाखले, औषधं, गॅसचं पुस्तक यांची पिशवी आधीपासून वेगळी ठेवा, ती लगेच नेऊ देतात. सील लागल्यावर कुलूप तोडून सामान काढलंत तर गुन्हा तुमच्यावर, सामान तुमचं असलं तरी. लेखी अर्ज द्या आणि उघडण्याची तारीख घ्या.

आणि मुदतीत स्वतःहून सोडत असाल तर किल्ली मालकाकडे द्यायची नाही. बँकेच्या अधिकाऱ्याला द्या, मीटरच्या आकड्याच्या फोटोसह, आणि 'रिकामा ताबा मिळाला' अशी शिक्क्याची पोच घ्या. हेस्कॉमचं शेवटचं बिल भरून गृहज्योतीतून आपला आधार त्या मीटरपासून डी-लिंक करून घ्या, नाहीतर नव्या घरात सवलत जोडताना अडकाल.